आदित्याचा वार, प्रभूचा दिवस

लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या ज्या भाषांना रोमान्स भाषा म्हणतात, त्यांच्यात आठवड्यातल्या एका दिवसाचे नाव जवळजवळ एकच आहे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोक त्याला ‘दोमिंगो’ म्हणतात, इटालियन ‘दोमेनिका’, रुमानियन ‘दुमिनिका’ आणि फ्रेंच ‘दिमांश’. फ्रेंच रूपाच्या आरंभी जो ‘दि’ आहे तो ‘दिएस’ म्हणजे दिवस या लॅटिन शब्दाचा अवशेष आहे. मूळ शब्दप्रयोग ‘दिएस दोमिनिका’, म्हणजे प्रभूचा दिवस. या भाषांनी सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांवर, पोर्तुगीजचा अपवाद सोडला तर, चंद्र, मंगळ, बुध, गुरू आणि शुक्र यांचीच नावे ठेवली. शनिवारी मात्र शनी जाऊन ज्यूंचा ‘शब्बाथ’ आला आणि रविवारी सूर्य जाऊन प्रभू आला. एकाच आठवड्यात ग्रह आणि प्रभू शेजारी शेजारी राहतात, आणि ही दोन्ही नावे दिवसाला स्वामी असतो असे गृहीत धरतात. काळाला स्वामी असू शकतो का, आणि असला तर तो कोण, हा धर्मविचारातला जुना प्रश्न या एका शब्दाच्या आश्रयाने नीट पाहता येतो.

‘दोमिनिका’च्या मुळाशी ‘दोमिनुस’ हा शब्द आहे आणि त्याच्याही मुळाशी ‘दोमुस’ म्हणजे घर. दोमिनुस म्हणजे आधी घरधनी, ज्याच्या हाती घर, शेत, गुरे आणि गुलाम असत तो. स्पॅनिशमधला ‘दुएन्यो’ आणि पोर्तुगीजमधला ‘दोनो’, म्हणजे मालक, हे याच शब्दाचे वंशज आहेत. ‘दोन’ आणि ‘दोना’ या आदरार्थी उपपदांचेही मूळ तेच, आणि रुमानियन माणूस देवाला ‘दुम्नेझेउ’ म्हणतो त्यातही ‘दोमिनुस’ आणि ‘देउस’, म्हणजे धनी आणि देव, असे दोन शब्द एकजीव झालेले आहेत. गुलाम मालकाला दोमिनुस म्हणत असे. रोमच्या सम्राटांपैकी डोमिशियनने पहिल्या शतकाच्या अखेरीस स्वतःला ‘आमचे प्रभू आणि देव’ म्हणवून घेतले, असे चरित्रकार स्वेटोनियस नोंदवतो. ग्रीकमध्ये या अर्थाचा शब्द ‘किरिओस’, आणि त्यापासून झालेले ‘किरिआकोस’ हे विशेषण तेव्हाच्या इजिप्तमध्ये सम्राटाच्या खजिन्यासाठी सरकारी कागदांत वापरले जाई. नव्या करारातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ‘प्रभूचा दिवस’ हा शब्दप्रयोग येतो तेव्हा त्याला हेच विशेषण लावलेले आहे. म्हणजे ज्या शब्दावर सम्राटाचा आणि गुलामांच्या मालकाचा हक्क होता तो शब्द एका छोट्या, छळ सोसणाऱ्या समाजाने उचलला आणि क्रुसावर मारल्या गेलेल्या, पुन्हा उठल्याची ग्वाही असलेल्या एका माणसाला दिला.

हे केवळ भाषेचे धाडस नव्हते. सन 304 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अबितिना या गावच्या 49 ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना बंदी मोडून रविवारी उपासनेसाठी जमल्याबद्दल कार्थेजला नेऊन चौकशीला उभे करण्यात आले, आणि या दिवसाच्या उपासनेवाचून आपण राहू शकत नाही अशी कबुली त्यांच्यापैकी एकाने दिली. पुढे अवघ्या 17 वर्षांत चित्र पालटले. 3 मार्च 321 रोजी सम्राट कॉन्स्टंटाइनने शहरांतले न्यायाधीश, रहिवासी आणि कारागीर यांनी या दिवशी काम थांबवावे असा कायदा केला. शेतकऱ्यांना पेरणीची वेळ चुकू नये म्हणून सूट दिली. या कायद्यात दिवसाचे नाव ‘प्रभूचा दिवस’ असे नसून ‘सूर्याचा पूज्य दिवस’ असे आहे. त्याच वर्षीच्या जुलैत त्याने आणखी एक कायदा काढला: या दिवशी खटले चालवू नयेत, पण गुलामांना मुक्त करण्याचे व्यवहार करण्यास हरकत नाही. या दुसऱ्या कायद्याकडे विचारवंतांचे लक्ष जितके जायला हवे तितके जात नाही. घरधन्याचे नाव ज्या दिवसाला मिळाले, त्याच दिवशी घरधन्याने आपला हक्क सोडून देण्यासाठी कचेरीचे दार उघडे राहिले. दिवसाचा खरा धनी दुसराच आहे असे एकदा मान्य केले की माणसाच्या माणसावरील मालकीला निदान एक दिवस तरी हद्द पडते, ही या शब्दाची सर्वांत मोलाची बाजू होय.

सूर्याच्याच नावाने चालणारा हा दिवस भारतात पाहण्यासाठी आता तापीकाठच्या बुऱ्हाणपूरकडे वळावे. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी चौदावे शतक सरता सरता सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने वसवलेल्या या शहरात इतवारा, बुधवारा, शनवारा अशी वारांच्या नावांचे मोहल्ले आणि दरवाजे आहेत. पुण्याच्या पेठा, नागपूरची इतवारी, भोपाळचे इतवारा आणि बुधवारा ही याच कुळातली नावे. ठरलेल्या वारी भरणाऱ्या बाजारावरून वस्तीला नाव पडण्याची ही रीत मध्य भारतात आणि दख्खनेत सर्वत्र दिसते. ‘इतवार’ हा शब्द ‘आदित्यवार’ या संस्कृत समासाचे झिजलेले रूप आहे. आदित्यवारचा आदितवार झाला, ‘द’ लोपून आइतवार, आणि मग आरंभीचा ‘आ’ गळून इतवार. जुन्या मराठी लेखनात पुण्याची रविवार पेठ ‘आदितवार’ पेठ म्हणून येते, ग्रामीण मराठीत ‘आईतवार’ अजून कानी पडतो आणि गोव्याच्या कोकणीत ‘आयतार’ हेच रोजचे नाव आहे. ज्या तापीच्या काठी बुऱ्हाणपूरचा इतवारा मोहल्ला आहे ती तापी पुराणांत सूर्याची आणि छायेची कन्या मानलेली आहे, म्हणून सूर्याचे नाव इथल्या भूगोलाला दोन वाटांनी लागलेले आहे.

आदित्यवारातला अर्धा भाग आदित्याचा असला तरी विचाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग ‘वार’ हाच आहे. संस्कृतात ‘वार’ म्हणजे पाळी, खेप. ‘वारंवार’ या शब्दात तो अर्थ मराठीतही शाबूत आहे. आदित्यवार म्हणजे आदित्याची पाळी. या पाळीचे गणित प्राचीन ज्योतिषात असे मांडलेले आहे: पृथ्वीपासून दूर आणि मंद ते जवळ आणि शीघ्र या क्रमाने शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र असे सात ग्रह धरायचे, दिवसाच्या 24 होरांना, म्हणजे तासांना, याच क्रमाने एकेक स्वामी द्यायचा, आणि पहिल्या होरेचा जो स्वामी तोच त्या दिवसाचा स्वामी मानायचा. शनीपासून मोजणी सुरू केली तर पंचविसावी होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, सूर्याकडे येते आणि त्याच्या पुढच्या दिवशी चंद्राकडे. ‘होरा’ हा शब्द ग्रीक आहे. रोमन इतिहासकार दिओ कासिउस या योजनेचे श्रेय इजिप्तच्या लोकांना देतो. भारतातला वाराचा कालनिश्चित आद्य कोरीव उल्लेख बुऱ्हाणपूर ज्या राज्यात आहे त्याच मध्य प्रदेशात, सागर जिल्ह्यातल्या एरणच्या विष्णुध्वजस्तंभावर सापडतो: गुप्त संवत 165, आषाढ शुद्ध द्वादशी, सुरगुरूचा दिवस, म्हणजे 21 जून 484 चा गुरुवार. त्यानंतर 15 वर्षांनी आर्यभटाने वेगाच्या क्रमाने मोजता येणारा प्रत्येक चौथा ग्रह सूर्योदयापासून ‘दिनप’ होतो असे सूत्ररूपाने सांगितले. दिनप म्हणजे दिवसाचा पालक, दिवसाचा धनी.

तेव्हा दिवसाला धनी असतो हे भारतीय ज्योतिषालाही ठाऊक होते, पण त्याचे धनीपण सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे, आणि ते दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागणारे. ग्रामपंचायतीच्या विहिरीवर पाण्याची पाळी जशी घरोघर फिरते तसा काळ सात जणांत फिरतो. ज्याची पाळी त्याने त्या दिवसापुरते पाणी घ्यावे, विहीर कोणाचीच नाही. ‘दिएस दोमिनिका’ या नावातली कल्पना वेगळी आहे. तिथे सातही दिवस एकाच प्रभूचे आहेत आणि त्यांतला एक त्याच्या मालकीची खूण म्हणून राखलेला आहे. एका बाजूला पाळी, दुसऱ्या बाजूला मालकी, हा फरक केवळ बहुदेववाद आणि एकेश्वरवाद यांच्यातला आहे असे म्हणून सोडून देणे सोपे आहे; परंतु खुद्द ख्रिस्ती परंपरेतही राखीव दिवसाविषयी अस्वस्थता होती. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की कोणी एका दिवसाला दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. वारकऱ्याची एकादशी ही तिथी आहे, तिला आकाशातल्या चंद्राचा आधार आहे. वाराला मात्र आकाशात कोणतीही खूण नाही. वर्ष सूर्यावरून कळते, महिना चंद्रावरून, पण आज रविवार आहे हे कोणाकडे पाहून ठरवता येत नाही, ते केवळ लोकांनी न चुकता मोजत आल्यामुळे खरे आहे. म्हणून वाराचे पावित्र्य हे मोजणाऱ्यांच्या निष्ठेत आहे, आणि याच कारणाने त्याचे नाव बदलण्याचा मोह धर्मसत्तेला आणि राजसत्तेला वेळोवेळी झाला.

असा मोह सर्वांत काटेकोरपणे पोर्तुगालमध्ये पूर्ण झाला. सहाव्या शतकात ब्रागाचा बिशप मार्तिन याने दिवसांना ग्रहदेवतांची नावे देणे हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही असा उपदेश केला, आणि पोर्तुगीज भाषेत सोमवार ‘सेगुंदा-फैरा’, म्हणजे दुसरा दिवस, मंगळवार ‘तेर्सा-फैरा’, म्हणजे तिसरा, असे आकडे रूढ झाले. फक्त सबादो आणि दोमिंगो यांना नावे उरली. ‘फैरा’ हा लॅटिन ‘फेरिआ’, म्हणजे सणाचा, सुटीचा दिवस, यापासून आला. सणाला लोक जमतात, लोक जमले की माल येतो, म्हणून फैराचा दुसरा अर्थ बाजार असा झाला. मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. रोमन लोकांचा जुना बाजार आठव्या दिवशी भरे आणि दोन्ही टोके धरून मोजत असल्याने त्याला ते नववा म्हणत. मराठी माणूस सात दिवसांच्या अवधीला दोन्ही टोके धरूनच आठवडा म्हणतो, आणि त्याचाही आठवडे बाजार असतो.

हीच ग्रहविरहित नावे घेऊन पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले आणि 1961 पर्यंत राहिले. त्यांच्या धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, अंगणातल्या तुळशीपर्यंत बंदी नेली. परंतु गोव्याचा ख्रिस्ती शेतकरी मिस्साला जायचा तो आयताराला, आणि आजही आयताराला, सोमाराला, मंगळाराला, बुधवाराला, बिरेस्ताराला, शुक्राराला असेच तो बोलतो. आदित्याच्या पाळीवर तो प्रभूची उपासना करतो आणि त्याच्या श्रद्धेत यामुळे काही उणे पडलेले नाही. ‘फैरा’ कोकणीत आली ती दिवसाचे नाव म्हणून रुजली नाही, चर्चच्या फेस्ताला भरणारी ‘फेरी’ म्हणून रुजली. म्हणजे लोकांनी शब्दातला बाजार ठेवून घेतला आणि आकडा परत केला. मार्तिनचे भय या एका उदाहरणाने निराधार ठरते असे म्हणायला हरकत नाही.

दिवसाचे नाव भूमीला लागते तेव्हा पाळी आणि मालकी यांतला फरक अधिक कठोरपणे दिसतो. 3 नोव्हेंबर 1493 रोजी, आपल्या दुसऱ्या सफरीत, कोलंबसाला कॅरिबियन समुद्रात एक डोंगराळ बेट दिसले. तो रविवार होता म्हणून त्याने बेटाचे नाव दोमिनिका ठेवले. तिथे राहणाऱ्या कालिनागो लोकांचे त्या बेटाला ‘वाइतुकुबुली’ असे नाव होते, त्याचा अर्थ ‘उंच आहे तिची काया’. ज्याने बेट पाहिले त्याचा दिवस बेटावर चढला, आणि प्रभूचे नाव मागाहून येणाऱ्या धन्यांच्या कामी आले. इतवारा हे नाव असे पडलेले नाही. ते कोणी दुरून पाहून दिलेले नसून, ज्या जागी दर आठवड्याला विकणारे आणि घेणारे येत राहिले त्या जागेला त्यांच्या येण्यानेच मिळालेले आहे. बुऱ्हाणपूरने फारुकी पाहिले, मोगल पाहिले, 1748 मध्ये इथेच निवर्तलेला निजाम पाहिला, उदगीरच्या लढाईनंतर 1760 मध्ये पेशवे आणि पुढे शिंदे पाहिले. यांपैकी कोणाच्याही राज्यात वारांची नावे बदलून मोहल्ल्यांना राजांची नावे द्यावीत अशी गरज पडली नाही. आदित्याचे नाव धारण करणाऱ्या वस्तीत मशिदीची अजान होते आणि ‘इतवार’ हाच शब्द हिंदू-मुसलमान दोघांच्या तोंडी असतो. फारसीत त्याच दिवसाला ‘यकशंबा’ हे आकड्याचे नाव असूनही आणि बुऱ्हाणपूरच्या दरबाराची भाषा अनेक शतके फारसी असूनही ते इथे वस्तीवर उतरले नाही.

दोमिंगो आणि इतवार हे दोन शब्द या परिसरात एकदा प्रत्यक्ष समोरासमोर आले. 1600 मध्ये अकबर खानदेश जिंकण्यासाठी बुऱ्हाणपुरात उतरला आणि जानेवारी 1601 मध्ये जवळचा असीरगड त्याच्या हाती आला. या मोहिमेत नव्हारचा जेरोम झेवियर आणि अझोर बेटांचा बेंतो द गोइस हे दोन जेझुइट ख्रिस्ती धर्मप्रचारक त्याच्या सोबत होते. त्यांचा दोमिंगो त्यांच्या प्रभूचा होता. अकबराचाही रविवार पूज्यच होता, पण सूर्यासाठी: आईन-ए-अकबरी सांगते की तो आपल्या अनुयायांना रविवारी, सूर्य ऐन माथ्यावर असताना दीक्षा देई, आणि रविवारी तो मांस वर्ज्य करीत असे. त्याचा मुलगा जहांगीर आत्मचरित्रात रविवारच्या पशुहत्याबंदीचे कारण देताना म्हणतो की हा बापाच्या जन्माचा वार, सूर्याला वाहिलेला, आणि सृष्टीचा आरंभही याच दिवशी झाला. सृष्टीच्या आरंभाचे हेच कारण दुसऱ्या शतकाच्या मध्यात रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याने दिलेले आहे: सूर्याच्या म्हटल्या जाणाऱ्या दिवशी आम्ही जमतो, कारण त्या दिवशी देवाने अंधार पालटून जग घडवले आणि त्याच दिवशी ख्रिस्त मृतांतून उठला. बादशहा आणि पाद्री यांच्यात ख्रिस्ताच्या देवत्वावरून पुष्कळ वाद झाले, ते इतिहासाला ठाऊक आहेत. दिवस मात्र दोघांचा एकच होता आणि त्या दिवसाचा धनी सोडून बाकी सर्व बाबतीत त्यांचे एकमत होऊ शकले असते.

लोकधर्माने हा धनीही कधी एकाच नावाने बांधून ठेवला नाही. महाराष्ट्रात रविवार खंडोबाचा, कारण मल्हारी हा मार्तंड आहे आणि मार्तंड म्हणजे सूर्य. खानदेशात श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. श्रावणातल्या रविवारीच घरोघर आदित्यराणूबाईची कहाणी सांगतात, आणि बुऱ्हाणपूरच्या पलीकडच्या निमाडात गणगौरीच्या गीतांत हीच रनूबाई सूर्यरूप धणियराची राणी म्हणून येते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारून साप्ताहिक सुटी मागितली तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा दाखला दिला असे सांगितले जाते. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सुटी देणाऱ्यांच्या धर्मात तो दिवस प्रभूचा होता, घेणाऱ्यांच्या धर्मात मल्हारीचा, आणि गिरणीच्या भोंग्याखाली सहा दिवस राबलेल्या शरीराला विसावा तेवढाच मिळाला. 321 च्या जुलैत गुलामांसाठी उघडे ठेवलेले कचेरीचे दार आणि 1890 च्या जूनमध्ये बंद झालेला गिरणीचा दरवाजा या एकाच विचाराच्या दोन घटना मानायला हव्यात. एवढी मोठी गोष्ट ज्या विचाराने घडते तो विचार मालकीच्या शब्दात मांडला की पाळीच्या, याला दुय्यम महत्त्व आहे.

तरीही दोन्ही भाषा एकाच दगडावर कोरता येतात काय हे पाहायचे असेल तर इतवाऱ्याच्याच शहरातली जामा मशीद पाहावी. राजा अली खान ऊर्फ आदिलशहा फारुकी याने बांधवलेल्या या मशिदीत अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे. तो सृष्टिकर्त्याला नमन करून सुरू होतो आणि त्या ईश्वराला अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत अशी विशेषणे देतो, ज्यांवर मुसलमान आणि वेदान्ती दोघांनाही सही करता यावी. मग मशिदीच्या उभारणीचा काळ येतो: संवत 1646, शके 1511, पौष शुद्ध एकादशी, रोहिणी नक्षत्र, कन्या लग्न आणि वार सोमवार, म्हणजे 5 जानेवारी 1590. राजाने ही ‘मसीति’ आपल्या धर्माच्या पालनासाठी उभारली, असे लेख सांगतो. ज्या इमारतीचा मोठा दिवस शुक्रवार, तिच्या जन्माची नोंद चंद्राच्या वारावर झाली. एका ईश्वराला वंदन करून लेखकाने पुढे घटी, नक्षत्र आणि ग्रहाचा वार लिहिला, आणि त्याला किंवा त्याच्या राजाला त्यात विसंगती वाटली नाही. अकबराने 1601 मध्ये याच मशिदीत आपल्या विजयाचा फारसी लेख कोरवला, तेव्हा त्याने आधीचा संस्कृत लेख होता तिथेच राहू दिला.